आमच्या कॉकरच्या फिट्स आणि गार्डेनलची गोळी – माझा अनुभव

कॉकर स्पॅनियल कुत्रा आणायचा म्हटलं की सगळे एकच सांगतात, कान सांभाळा. खरंच आहे ते, पावसाळ्यात ते लांब कान आतून ओले राहतात आणि वास मारायला लागतो. पण फिट्सबद्दल आम्हाला कोणीच काही बोललं नव्हतं, त्यामुळे आमचा बिट्टू तीन वर्षांचा असताना एका पहाटे हॉलमध्ये धप्पकन आवाज आला आणि बघतो तर हा आडवा, पाय ताठ, मग चारही पाय सायकल मारल्यासारखे चालू, तोंडाला फेस, सू झालेली, तेव्हा आमची पार तंतरली. शेजारचे काका धावत आले आणि चप्पल हुंगवा, कांदा हुंगवा सुरू झालं. नवऱ्याने तेवढ्यात मोबाइलवर व्हिडिओ काढला, मला त्या वेळी रागच आला, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याच व्हिडिओचा झाला.

डॉक्टरांनी (आमच्या व्हेट बाई, एकदम स्पष्टवक्त्या) व्हिडिओ दोनदा बघितला आणि पहिलं हेच सांगितलं की चप्पल-कांद्याने काहीही होत नाही, आणि तोंडात हात तर अजिबात घालायचा नाही, कुत्रा जीभ गिळत नाही, तुमचं बोट मात्र तुटेल. आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवा, पंखा लावा कारण फिटमध्ये अंग तापतं, लाइट बंद करा आणि घड्याळ बघा. 5 मिनिटांच्या वर चालली किंवा एका दिवसात एकापेक्षा जास्त आल्या तर वाट बघायची नाही, गाडी काढायची.

मग रक्त. शुगर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी, शिवाय टिक फीवर, कारण आपल्याकडे गोचिडांचा प्रकार काही विचारू नका. सगळं नॉर्मल. पहिली फिट 6 महिने ते 6 वर्षं या वयात आलेली, दोन फिट्सच्या मधे कुत्रा एकदम ठणठणीत, रिपोर्ट क्लीन, तपासणीतही काही नाही, म्हणजे बहुतेक इडिओपॅथिक एपिलेप्सी, म्हणजे कारण न सापडणारी फिट्सची व्याधी, असं त्या म्हणाल्या. एमआरआयचं बोलणं झालं, पण त्यासाठी पूर्ण भूल लागते आणि खर्चही तसाच, तपासणीत गडबड वाटली असती तर केलाच असता. एका फिटवर सहसा गोळी चालू करत नाहीत, 6 महिन्यांत दोन किंवा जास्त झाल्या तर करतात. दुसरी त्याच्या आतच आली.

गोळी म्हणजे फिनोबार्बिटोन, आपल्याकडे गार्डेनल नावाने मिळते, तीच माणसांची. डोस वजनावर, साधारण किलोला अडीच एमजी दिवसातून दोनदा, आमचं ध्यान 12-13 किलोचं म्हणून 30 एमजीची एकेक सकाळ-संध्याकाळ. (हे बघून कोणी आपल्या आपण चालू करू नका प्लीज.) कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने आधी चिठ्ठी उलटसुलट बघितली, कुत्र्याला गार्डेनल? मग डॉक्टरांचा शिक्का, नंबर, तारीख सगळं तपासून दिली. दर वेळी स्टॉक असेलच असं नाही, म्हणून पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच मी सांगून ठेवते.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मागचे पाय लटपटायचे, पाण्याचं भांडं रिकामं, घरात सू, आणि भूक म्हणजे कचऱ्याच्या डब्यापर्यंत मजल. सासूबाई रोज म्हणायच्या, अगं मुक्या जिवाला कसली गुंगी देतेस, बंद कर ती गोळी. त्यांचंही चुकत नव्हतं, बघवतच नव्हतं तसं. पण ही गोळी एकदम तोडली तर फिट्स आणखी जोरात उसळतात, त्यामुळे कमी करायचीच झाली तरी डॉक्टर सांगतील तशी हळूहळू, मनाने नाही. दोनेक आठवड्यांत लटपट गेली. भूक आजही आहे.

त्यानंतर लेव्हल टेस्ट, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते. ही आम्ही माणसांच्या लॅबमधून केली आणि फॉर्मवर पेशंट बिट्टू, वय 3, मेल बघून काउंटरवरचा मुलगा बाळाला कडेवर घ्या म्हणाला 😄 रक्त अर्थात व्हेटकडे काढलं, जेल नसलेल्या साध्या लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये, कारण जेलमुळे आकडा कमी दिसू शकतो म्हणे. मला वाटतं ही टेस्ट कोणी टाळू नये, नाहीतर फिट आली की वाढव, झोपाळला की कमी कर असा नुसता अंदाजाचा खेळ होतो. आणि फिट्स शून्य होतील ही अपेक्षाही डॉक्टरांनी आधीच काढून टाकली, निम्म्याहून कमी झाल्या तरी गोळी लागू पडली म्हणायचं.

दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगते. गोचिडांसाठी हल्ली जी चघळायची गोळी सगळे देतात, ब्रेव्हेक्टो, नेक्सगार्ड वगैरे, त्या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये इशारा दिलाय की काही कुत्र्यांना फिट येऊ शकते. म्हणजे औषध वाईट असं नाही, लाखो कुत्र्यांना चालतं, पण फिट्सवाल्याला आधी विचारूनच. आम्ही केस बारीक ठेवतो आणि फिरून आलो की कानामागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघतो, कॉकरच्या त्या झालरीत गोचीड लपली की डोळ्यांना दिसतच नाही.

दुसरं, गणपतीत गावाला. गोळीमुळे याची भूक खवळलेली आणि समोर खिरापत, पंचखाद्य, त्यात मनुका. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, किती खाल्ल्यावर त्याचा नेम नाही. त्यामुळे घरातल्या सगळ्या पोरांना दम दिला होता आणि प्रसादाचं ताट फ्रिजवर. तसंच कोणाला वाटलं कुत्रं कण्हतंय म्हणून क्रोसिन, ब्रुफेन द्यावी, तर नाही म्हणजे नाही.

आता दर 6 महिन्यांनी लिव्हर आणि लेव्हल. मागच्या वेळी एएलपी (लिव्हरच्या रिपोर्टमधलं एक एन्झाइम) बरंच वाढून आलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, पण या औषधाने एएलपी तसंही वाढतं, नुसत्या त्या आकड्यावर जायचं नाही म्हणून लिव्हर नीट काम करतंय का ते बघणारी बाइल अ‍ॅसिड टेस्ट करून घेतली, ती नॉर्मल आली. डोस आहे तोच ठेवलाय, सकाळी 8 आणि रात्री 8, पोळीच्या तुकड्यात.