तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन न उघडता

देवगड बंदरावर संध्याकाळी टेकलो की ट्रॉलरवाल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला. "काका, इंजिन उघडल्याशिवाय भितूर काय बिघडला ता तुमका कसा कळायचा?" नोकरीतली बरीच वर्षं माझी युद्धनौकांच्या गॅस टर्बाइन इंजिनांजवळ गेली, म्हणून विचारतात.

मुळात टर्बाइन समुद्रात उघडायचं नसतंच. नौदलाचं ओव्हरहॉलचं केंद्र, आयएनएस एकशिला, पार विशाखापट्टणमला. तुम्ही स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकता, तेच काम टर्बाइनवर कंपनाचे सेन्सर करतात. पण मला सगळ्यात भरवशाचा वाटायचा तो तेलाच्या लाइनमधला चुंबकाचा प्लग. काढायचा, बोटावर पुसायचा. राखाडी, मऊ साय आली तर ती रोजची झीज. एकदा बोटाला टोचलं. टॉर्चखाली धरलं तर नखाच्या कडेएवढी चकाकती कपची. बेअरिंगचा पापुद्रा सुटत होता. कंपनाचा आकडा तेव्हा मर्यादेतच होता! इंजिन तिथेच थांबवलं, दुसऱ्यावर बंदर गाठलं.

दुसरा शत्रू खारी हवा. एलएम २५०० या टर्बाइनच्या काँप्रेसरला, म्हणजे हवा ओढून दाबणाऱ्या भागाला, १६ टप्पे. फिल्टरमधून निसटलेलं मीठ पात्यांवर बसतं. हवा कमी ओढली जाते, तेवढ्याच ताकदीला डिझेल जास्त लागतं, एक्झॉस्ट तापतो. मग इंधन बंद ठेवून इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवायचं आणि आत साबणाचं, नंतर शुद्ध पाणी सोडायचं. ड्रेनमधून आधी गढूळ पाणी येतं, मग नितळ. धुतल्यावरही तापमान उतरलं नाही तर दोष आणखी आत आहे. तेव्हा बोरस्कोप, म्हणजे आत डोकावायची बारीक दुर्बीण, घालून पाती बघायची.

आता खरी गोम. मे महिन्यातल्या दुपारचा आकडा डिसेंबरच्या पहाटेशी थेट ताडायचा नाही. गरम हवा विरळ, तिच्यात टर्बाइन जास्त तापतंच. म्हणून सगळी रीडिंग हिशेबाने १५ अंशांच्या हवेवर आणून मांडायची आणि मगच बघायचं, हे इंजिन स्वतःच्याच जुन्या चालीपासून किती ढळलं.

परवा एकजण वही घेऊन आला. रोजचे आरपीएम, तेलाचा दाब, एक्झॉस्टचं तापमान, सगळं नीट लिहिलेलं. मी पट्टीने त्यात आणखी एक रकाना आखून दिला: जाळं ओढत होतो, की मोकळे चाललो होतो.