पितृपक्षातली फ्लॅटबघणी

पितृपक्षात साईटवर चिटपाखरू नसतं, म्हणून मुद्दाम आज मामांना घेऊन नाशकात मखमलाबाद रोडला फ्लॅट बघायला गेलो. गिऱ्हाईक बघून विक्रीवाला पोरगा खूश. पण मामांनी चपला काढायच्या आधीच मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं. दरवाजा दक्षिणेला. संपलं! कार्पेट एरिया (आतली वापरायची जागा) किती, प्रकल्पाचा महारेरा नोंदणी नंबर काय, गंगेची म्हणजे आपल्या गोदावरीची पूररेषा कुठे, एक प्रश्न नाही. पोराने घाईघाईने पूर्वेचा दाखवला. तोच नकाशा, फक्त उलटा, आणि दर जास्त. "याला देवघराची जागा आहे बघ," मामा. ती वॉशिंग मशीनची जागा होती, पण असो.

मग पोराची कुंभमेळ्याची टेप लागली. "सर, २०२७ च्या आत घेऊन टाका." २०१५ च्या आधीही हेच ऐकलं होतं. रस्ते, पूल होतात हे खरं. पण साधू पर्वणी झाली की निघतात, हप्ता वीस वर्षं राहतो.

तिथेच निफाडकडचं एक द्राक्षबागायतदार जोडपं भेटलं. मुलांच्या शिक्षणासाठी नाशकात घर हवं होतं. वहिनींनी फक्त स्कूलबस कुठे थांबते आणि उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं एवढंच विचारलं. मला त्याच खऱ्या गिऱ्हाईक वाटल्या. टोकन मात्र त्याही घटस्थापनेलाच देणार आहेत.