अण्णांना दिलेली भूल

बावीस वर्षं मी लोकांना भूल देते आहे. या शब्दाकडे माझं लक्ष अण्णांनी वेधलं. चूक झाली तर ती भूल, रानात वाट हरवली तर भूल पडली म्हणतात, आणि मी सलाईनमधून देते तीही भूलच. "शंकराचार्यांचा सगळा खटाटोप एका भुलीसाठीच आहे," असं ते मला मेडिकलला असल्यापासून सांगत आले आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात संस्कृत शिकवलं. पहाटे अंघोळ झाली की मांडूक्य उपनिषदाचे 12 मंत्र म्हणायचे, मगच चहा. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिन्हींना पाहणारं ते चौथं, तुरीय. लहानपणी मला ही शाळेच्या इयत्तांसारखी यादी वाटायची.

गेल्या वर्षी त्यांच्या पित्ताशयातले खडे फारच त्रास द्यायला लागले, तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. स्वतःच्या माणसाला आपण भूल देत नाही, म्हणून ते काम माझ्या मित्राने केलं. मी फक्त डोक्याशी उभी राहिले. आदल्या रात्री अण्णा म्हणाले होते, "उद्या मी नीट लक्ष ठेवणार आहे. सगळं विझल्यावर काय उरतं ते बघायचंय." ते हे अगदी मनापासून बोलत होते. आयुष्यभर वाचलेल्या गोष्टीची परीक्षा घ्यायची संधी त्यांना दिसत होती.

दुधासारखं पांढरं औषध शिरेत गेलं. मांडूक्याचा पहिला मंत्र त्यांनी ओठांतल्या ओठांत सुरू केला आणि तो अर्ध्यावर राहिला. कपाळावरच्या पट्टीतून मेंदूच्या लहरी मोजणारं यंत्र 0 ते 100 मध्ये आकडा दाखवतं. जागेपणी तो नव्वदीच्या वर असतो, ऑपरेशनच्या भुलीत 40 ते 60 ठेवतात. तो आकडा उतरताना मी हजारो वेळा पाहिला आहे. त्या दिवशी मात्र माझे हात गार पडले होते.

तासाभराने ते शुद्धीवर आले आणि म्हणाले, "अजून सुरुवात नाही केली?"

हा प्रश्न मला नवा नाही. भुलीतून उठणारे कितीतरी जण हेच विचारतात. पण अण्णांना जेव्हा कळलं की ऑपरेशन होऊनही गेलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले, "झोपेत मी असतो, हे मी शपथेवर सांगेन. उठल्यावर आपण म्हणतो, छान झोप लागली, काही कळलं नाही. ते सुख आणि ते न कळणं कुणीतरी अनुभवलेलं असतं, म्हणून तर आठवतं. पण परवा? परवाचं माझ्यापाशी काहीच नाही गं. काळोखसुद्धा नाही."

अद्वैताचा केवढा मोठा आधार या झोपेच्या दाखल्यावर उभा आहे, हे त्यांच्याकडूनच मी शिकले होते. दोरीवर दिसणारा साप खोटा, स्वप्न खोटं, जागेपणीचं जगही शेवटच्या हिशेबात टिकणारं नाही. पण ज्याला हे सगळं दिसतं तो गाढ झोपेतही मावळत नाही. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, हे मान्य नव्हतं. 'छान झोप लागली' ही आठवण नसून उठल्यावर केलेलं अनुमान आहे, असं त्यांचं म्हणणं. छांदोग्य उपनिषदात तर खुद्द इंद्राने प्रजापतीकडे हीच तक्रार केली आहे: या झोपेत माणसाला 'हा मी' एवढंही कळत नाही, तो जणू नाशालाच गेलेला असतो, मला यात काही भलं दिसत नाही. आधीच तीनदा 32 वर्षं राहिलेल्या इंद्राला प्रजापतीने आणखी 5 वर्षं ठेवून घेतलं. एकूण 101. इंद्राची ही तक्रार मला फार आवडते, कारण ती खोडून न टाकता उपनिषदाने जपून ठेवली.

चौथ्या दिवशी अण्णांनी बापटशास्त्र्यांनी मराठीत आणलेलं शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रभाष्य मागितलं आणि तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं दहावं सूत्र काढून दिलं. 'मुग्धेऽर्धसंपत्तिः परिशेषात्'. मुग्ध म्हणजे इथे मूर्च्छित. मी ते तोवर कधी वाचलं नव्हतं, आणि वाचताना अंगावर काटा आला. शंकराचार्य बेशुद्ध माणसाची तपासणी करतात! तो जागा नाही, कारण इंद्रियांना काही कळत नाही आणि देह जमिनीवर कोसळतो. बाण घडवणारा बाणात गढून जातो तसाही नाही, कारण तो नंतर सांगतो, इतका वेळ मी बाणच पाहत होतो. स्वप्नात नाही. मेलेला नाही, कारण लोक छातीवर हात ठेवून ऊब बघतात, नाकाशी श्वास बघतात. आणि झोपलेलाही नाही: झोपलेल्याचा चेहरा शांत, श्वास एका लयीत, डोळे मिटलेले; मूर्च्छिताचा श्वास कधी बराच वेळ अडकतो, अंग थरथरतं, डोळे विस्फारलेले असतात. झोपलेला हाताने दाबलं की उठतो, हा मोगरीने मारलं तरी उठत नाही. म्हणून ही अर्धी अवस्था, मरणाचं दार. रोज येणारी नाही म्हणून हिची पाचवी गणती होत नाही, पण लोकांना आणि आयुर्वेदाला ती ठाऊक आहे.

माझ्या मते ही तपासणी उत्तम वैद्याची आहे. तीनच अवस्थांच्या चौकटीत न बसणारी गोष्ट समोर आली, तर आचार्यांनी ती कोंबून बसवली नाही.

पण त्यातही अण्णांना एक खटकलं. भाष्यातला मूर्च्छित शुद्धीवर येऊन म्हणतो, 'एवढा वेळ मी आंधळ्या काळोखात पडलो होतो.' म्हणजे त्याला वेळ गेल्याचं कळतं. अण्णांना तेवढंही कळलं नव्हतं.

मग मी त्यांना एक प्रयोग सांगितला. 1977 साली त्याची पहिली नोंद झाली. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळतात, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही. भूल चढल्यावर रुग्णाच्या कानाशी सांगतात, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." काही जण दाबतात. आणि उठल्यावर त्यांना यातलं काहीही आठवत नाही.

अण्णा बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. "म्हणजे आठवत नाही म्हणून कुणी नव्हतं, असं नाही," ते म्हणाले.

"हो. पण अण्णा, मग आठवतं म्हणून कुणी होतं, हेही तितकंच लुळं पडतं."

यावर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातल्या याज्ञवल्क्य ऋषींचं म्हणणं सांगितलं. पाहणाऱ्याची दृष्टी लोपत नाही. तिथे पाहायला दुसरं काही नसतं, एवढंच. मला हे पटतं का? सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. आकडा 45 वर असलेल्या माणसाकडे रोज पाहताना मला हेच वाक्य आठवतं, आणि त्याच्या अंगावरची चादर मी नीट करते. समोर कुणीच नाही असं समजून मी थिएटरमध्ये आता काही बोलत नाही, इतरांनाही बोलू देत नाही.

अण्णांनी मला बृहदारण्यकातली अजातशत्रूची गोष्टही त्याच आठवड्यात पुन्हा सांगितली. काशीचा हा राजा गार्ग्य नावाच्या ब्राह्मणाला घेऊन एका झोपलेल्या माणसापाशी जातो. मोठमोठ्या नावांनी हाका मारतो, तो उठत नाही. हाताने दाबतो, तेव्हा उठतो. मग राजा विचारतो: हा झोपला होता तेव्हा कुठे होता? आणि आता आला कुठून? गार्ग्याला सांगता येत नाही. रिकव्हरीत मी रोज हेच करते. आधी नावाने हाक, मग खांद्यावर दाब.

परवा रविवारी दुपारी चार वाजले तरी अण्णा उठले नाहीत. मी दारातून दोनदा हाक मारली. मग जवळ बसून त्यांचा हात दाबला. त्यांनी डोळे उघडले, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वाजले गं?"

थिएटरमधून बाहेर आले होते तेव्हा हे त्यांनी विचारलं नव्हतं.