स्लीपिंग बॅगेत पिसं किती ग्रॅम?

माझी जुनी स्लीपिंग बॅग सिंथेटिक होती, दीड किलोच्या पुढची. ऊब भरपूर द्यायची, पण सॅकचा अख्खा तळ अडवून बसायची, आणि उन्हाळ्यात एवढी ऊब हवी कोणाला? तंबू हलका घेऊन झाला होता, सॅकही बदलून झाली होती. राहिली होती ती हीच. म्हणून डाऊनची, म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांची, सहाशे ग्रॅमच्या आतली बॅग घ्यायची असं ठरवलं.

सगळे वजनापासून सुरुवात करतात, मी तापमानापासून केली. उन्हाळा असला तरी डोंगरात हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याशी पहाटे 18 अंश असतील, तर दोन हजार मीटर वरच्या मुक्कामावर 5 च्या आसपास धरायचे. वारा आणि ओल वेगळीच. त्यात मी थंडी लवकर वाजणाऱ्यांपैकी. तेव्हा 5 अंशांना निवांत झोप लागली पाहिजे, ही अट पक्की केली आणि मगच बॅगा बघायला घेतल्या.

लेबलवर आयएसओ 23537 या मानकाप्रमाणे तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. तापवलेल्या पुतळ्याला पातळ थर्मल घालून, खाली मॅट टाकून, थंड खोलीत बॅगेत झोपवतात आणि त्या मोजमापावरून हे आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाईला सैल अंगाने झोपता येईल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष पाय पोटाशी घेऊन जेमतेम न कुडकुडता रात्र काढेल ते. एक्स्ट्रीमला जीव वाचला तर वाचला. गंमत अशी, की बॅगेच्या नावात जो आकडा मिरवतो तो बरेचदा लिमिटचा असतो. नावात शून्य असलेल्या एका बॅगेचं कम्फर्ट बारीक अक्षरात 5 निघालं. काही बॅगांवर एकच आकडा होता आणि तो कसला, याचा पत्ताच नव्हता. त्या मी सरळ बाजूला काढल्या.

मग आली फिल पॉवर, आणि इथे माझे बरेच दिवस गेले. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम डाऊन ठरावीक दाबाखाली फुलून किती घन इंच जागा व्यापतं, त्याचा हा आकडा. 650 साधं, 800 चांगलं, 900 च्या वर उंची माल. जो तो याच आकड्याबद्दल बोलतो, त्यामुळे मीही आधी 950 च्याच बॅगा बघत होते. पण फिल पॉवर हा पिसांचा दर्जा झाला. पिसं किती भरली आहेत, ते त्यात कुठेच येत नाही. ऊब देते ती पिसांत अडकलेली हवा, आणि तिचा अंदाज हवा असेल तर दर्जाला वजनाने गुणावं लागतं. कागद घेऊन बसले. 800 चं 250 ग्रॅम आणि 950 चं 210 ग्रॅम डाऊन जवळपास सारखीच जागा भरतं. म्हणजे एवढा महागडा माल घेऊन वाचणार 40 ग्रॅम! उलट 950 ची एक बॅग अशी सापडली, की तिच्यात पिसंच 180 ग्रॅम होती. तिच्यापेक्षा 750 ची 280 ग्रॅमवाली कितीतरी जास्त फुलणार. त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिला रकाना पिसांच्या ग्रॅमचा झाला.

हा रकाना भरल्यावर एकूण वजनही वेगळं दिसायला लागलं. एकूण वजनातून पिसांचं वजन वजा केलं की उरतं ते कापड, चेन, दोऱ्या आणि हूड. दोन बॅगांचं एकूण वजन सारखंच, पण एकीत पिसं 80 ग्रॅमने कमी, कारण कापड जाड. अल्ट्रालाइट बॅगांना 7 किंवा 10 डेनियरचं नायलॉन असतं, म्हणजे त्याच्या धाग्याचं 9000 मीटरचं वजन तेवढेच ग्रॅम. मी 10 वर थांबले. 7 चं कापड हातात घेतल्यावर नखाचीसुद्धा धास्ती वाटत होती.

दुकानात एक गोष्ट आवर्जून केली: बॅग उजेडासमोर धरली. कापड इतकं पातळ असतं की आतली पिसं सावलीसारखी दिसतात. एका बॅगेत प्रत्येक शिवणीवर उजेडाची लख्ख रेघ होती. तिथे वरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवलेलं, मधे पिसं शून्य. गरम रात्रींना असली बॅग चालते, वजनही वाचतं, पण 5 अंशांना त्या रेघांमधूनच गारठा शिरणार. दुसरीत दोन कापडांमध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या होत्या, त्यामुळे शिवणीवरही पिसांची जाडी राहत होती. मग आत शिरून कुशीवर वळून पाहिलं. खांद्याशी कापड ताणलं गेलं तर पिसं दबतात आणि ऊब तिथेच संपते. एक नाजूक कापाची बॅग याच कारणाने बाद झाली.

क्विल्टचाही, म्हणजे पाठीखालचा भाग नसलेल्या पांघरुणाचाही, मोह झाला होता. पाठीखाली दबलेली पिसं तशीही काही कामाची नसतात, जमिनीचा गारठा मॅटच अडवते, मग तो भाग कापूनच टाकावा, हा विचार मला पटतो. पण मी रात्रभर चुळबुळ करते आणि प्रत्येक वळणाला बाजूने वारा आत येतो. शेवटी पायापर्यंत पूर्ण चेन असलेली बॅग घेतली. चेनचे काही ग्रॅम वाढले, पण गरम रात्री ती उघडून पांघरता येते. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेल्या डाऊनवर फार विसंबले नाही. ओल थोडी उशिरा धरते, एवढंच. वॉटरप्रूफ पिशवी लागतेच. आरडीएस (रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड) प्रमाणपत्र मात्र पाहिलं, कारण त्यात जिवंत पक्ष्यांची पिसं उपटायला मनाई आहे.

घेतली ती 850 ची, 300 ग्रॅम पिसांची. कम्फर्ट 4, लिमिट शून्य. घरी काट्यावर ठेवली तर 600 च्या आत भरली. मुक्कामाला पोहोचल्यावर तंबू लागला की ती पहिली बाहेर काढते, म्हणजे झोपेपर्यंत नीट फुलते. घरी कपाटात मोठ्या सुती पिशवीत सैल असते, कारण कायम दाबून ठेवलं की पिसांचा फुलोरा जातो. एकच त्रास आहे, चेनचा. आतलं पातळ कापड तिच्या दातांत अडकतं. अंधारात एका बोटाने कापड आत दाबत सावकाश ओढावी लागते, आणि लघवीला उठायची घाई असेल तर नेमकी तेव्हाच अडकते.