‘हाऊ टॉल’च्या पुढे काय?

गेल्या रविवारी दहावीतल्या भाचीची इंग्रजीची वही चाळताना एका वाक्यापाशी थांबलो: ‘हाऊ टॉल इज ही!’ विधानार्थी वाक्याचे उद्गारार्थी करायचे होते, आणि शेवटी उद्गारचिन्ह दिले की काम झाले असे समजून ती पुढच्या प्रश्नाकडे वळली होती. वाक्यावर लाल फुली होती. ती का, हे मात्र कुठे लिहिलेले नव्हते.

मराठी बोलणाऱ्याच्या हातून ही चूक होणे अगदी स्वाभाविक आहे. ‘किती उंच आहे तो’ एवढे लिहून पुढे प्रश्नचिन्ह द्यायचे की उद्गारचिन्ह, हे आपल्याकडे बोलणाऱ्याच्या सुरावर ठरते. शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत त्यांचा क्रमच बोलतो. ‘हाऊ टॉल इज ही’ यात क्रियापद कर्त्याच्या आधी आल्यामुळे ती विचारणा होते, तर ‘हाऊ टॉल ही इज’ यात ते कर्त्याच्या मागे राहिल्यामुळे तो उद्गार होतो. ‘हाऊ फास्ट शी रन्स’ या उद्गाराचा प्रश्न करताना तर ‘रन्स’ला पुढे सरकवता येत नाही, ‘डझ’ला बोलवावे लागते, आणि तो येताना क्रियापदाचा ‘एस’ आपल्याकडे घेतो: ‘हाऊ फास्ट डझ शी रन?’ ‘आय डोंट नो व्हेअर इज ही’ ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी चूकही याच घरातली, कारण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा विधानासारखा, म्हणजे ‘व्हेअर ही इज’ असा होतो.

केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यांचा बाऊ मात्र मला अनाठायी वाटतो. ‘सो’ने जोडलेले संयुक्त आणि ‘बिकॉज’ने जोडलेले मिश्र, हा भेद ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांच्यावरून आपण मराठीत शिकलेलोच असतो. ‘हू डझंट नो हिम?’ याचे विधान ‘एव्हरीबडी नोज हिम’ असे होकारार्थी का होते, हेही ‘त्याला कोण ओळखत नाही?’ म्हणणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

एवढे सगळे ऐकून घेतल्यावर भाचीने वही मिटली आणि म्हणाली, “हाऊ बोअरिंग दिस इज, मामा!” क्रम बरोबर होता.