फुमानेच्या माळ्यावरची द्राक्षं

इटलीतल्या वेरोनाहून बसने फुमाने गावी उतरलो तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता. वाल्पोलिचेल्ला या द्राक्षपट्ट्याच्या उतारांवर रचीव दगडांचे बांध, त्यांवर वेलींचे मांडव. घड मात्र एकही नाही. आमारोने या वाईनसाठी सुकवायचा माल माळ्यावर गेलेला, आणि मला तोच बघायचा होता.

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये लहानपण गेलेल्या माणसाला तो माळा परका वाटत नाही. आपल्याकडे घड लवकर सुकावेत म्हणून डिपिंग ऑइलमध्ये बुडवले की पंधरवड्यात माल तयार. इथे बुडवणं नाही आणि उष्णता देऊन हवा कोरडी करायलाही नियमाने बंदी. खिडक्या, पंखे आणि थंडी, एवढ्यावरच तीनचार महिने काढायचे. क्रेटमध्ये कोर्विना जातीचे घड एकेरी मांडलेले, एकाचा भार दुसऱ्यावर येणार नाही असे. मी एक मणी दाबून पाहिला. सालाला सुरकुत्या, पण आत दाट रस. मालकीणबाईंनी बुरशीचा एक मणी कात्रीने काढला, त्याला लागून असलेले चांगले मणीही काढले. 'आज हे वाचवले तर उद्या अख्खी क्रेट जाईल,' त्या म्हणाल्या.

या द्राक्षांची आमारोने होते. तिला 2010 मध्ये इटलीतला सर्वोच्च, डीओसीजी दर्जा मिळाला. नियमाने 1 डिसेंबरपूर्वी सहसा रस काढायचा नाही. शंभर किलो ताज्या द्राक्षांमागे वाईन जास्तीत जास्त 40 लिटर. मद्यार्क किमान 14 टक्के, मुरवण किमान दोन वर्षं, बाटलीवर 'रिझेर्वा' लिहायचं तर चार.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो वेगळाच नियम. उत्पादनाला हेक्टरी 12 टनांची मर्यादा आहे, आणि त्यातलीही फार तर 65 टक्के द्राक्षं सुकवायला ठेवता येतात. आमारोनेला भाव जास्त, म्हणून प्रत्येकाने सगळाच माल माळ्यावर चढवला तर भाव कोसळणार हे उघड आहे. काही वर्षी हे प्रमाण आणखी खाली आणलं गेलं. हात आखडता घ्यायचा तो सगळ्यांनी मिळून, हे कागदावर पक्कं आहे. दर हंगामात भावाने मार खाणाऱ्या आपल्या बागायतदारांनी याच नियमाचा अभ्यास करावा, असं मला मनापासून वाटतं.

उरलेल्या द्राक्षांची साधी वाल्पोलिचेल्ला वाईन होते. तीच वाईन आमारोनेच्या चोथ्यावर पुन्हा आंबवली की रिपास्सो. मी तिचीच बाटली घेतली. आमारोनेच्या मानाने बरीच स्वस्त पडते, आणि मटणाबरोबर फक्कड लागते.