स्लोव्हेंका म्हणजे नक्की कुठली?

खेळाच्या बातम्या मराठीत आणणं हे माझं रोजचं काम. हिवाळा लागला की बर्फावरच्या शर्यतींच्या बातम्यांची रीघ लागते आणि मूळ भाषेतल्या मजकुरात 'स्लोव्हेंका' हा शब्द हटकून भेटतो. २०१४ साली सोचीच्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारी स्कीपटू टीना माझे ही स्लोव्हेंका. २०२२ साली बीजिंगच्या ऑलिम्पिकमध्ये स्लॅलमचं, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्याच्या स्की शर्यतीचं, सुवर्ण जिंकणारी पेत्रा व्ल्होव्हा, तीही स्लोव्हेंका. पण टीना स्लोव्हेनियाची आणि पेत्रा स्लोव्हाकियाची. या दोन देशांच्या सीमा कुठेच एकमेकींना भिडत नाहीत, मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी आहेत. तरी आपापल्या भाषेत दोघींची ओळख अक्षर न् अक्षर एकच.

पुरुषांच्या बाबतीत असा घोळ होत नाही. स्लोव्हेनियाचा माणूस 'स्लोव्हेनेत्स', स्लोव्हाकियाचा 'स्लोव्हाक'. मग बायकांच्याच बाबतीत का? स्लोव्हाक लोकही पूर्वी स्वतःला 'स्लोव्हेन'सारख्याच नावाने ओळखत. पंधराव्या शतकाच्या सुमारास शेजारच्या चेक आणि पोलिश भाषांच्या प्रभावाने पुरुषांसाठी 'स्लोव्हाक' हे रूप रुळत गेलं. बाईचं नाव मात्र जुनंच राहिलं. भाषाही 'स्लोव्हेन्चिना'च राहिली आणि देशाला तर ते लोक आजही 'स्लोव्हेन्स्को' म्हणतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या लोकांचं जुनं नाव बायकांनी आणि भाषेने सांभाळलं, ते पुरुषांच्या नावात उरलं नाही.

भाषांच्या नावांत तर फरक एवढासाच आहे. स्लोव्हाकांची 'स्लोव्हेन्चिना', स्लोव्हेनियाची 'स्लोव्हेन्श्चिना'. मधला एक 'श' वाचताना निसटला की देश बदलतो. त्यात दोन्ही झेंडे पांढरे, निळे, तांबडे, आडव्या पट्ट्यांचे आणि डावीकडे चिन्ह असलेले. स्लोव्हेनियाच्या चिन्हात त्रिग्लाव पर्वत आणि तीन तारे आहेत, स्लोव्हाकियाच्या चिन्हात तीन टेकड्यांवर दुहेरी क्रूस. स्लोव्हेनिया १९९१ साली स्वतंत्र झाला, स्लोव्हाकिया १९९३ साली, आणि २००४ साली दोघेही एकाच दिवशी युरोपीय संघात आले. बाहेरच्या माणसाची गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण पदक जिंकून आलेल्या मुलीला दुसऱ्याच देशाची ठरवणं मला मुळीच खपत नाही. तिने त्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं ओतलेली असतात.

या दोन देशांनी आपापल्या परीने वाट काढली आहेच. स्लोव्हाक भाषेत स्लोव्हेनियाच्या बाईला 'स्लोव्हिंका' म्हणतात आणि स्लोव्हेनियात स्लोव्हाक बाई 'स्लोव्हाकिन्या' होते. म्हणजे अडचण येते ती आपल्यासारख्या तिसऱ्यांना. शिवाय 'स्लोव्हांका' ही कुठलीही स्लाव्ह स्त्री, आणि 'स्लाव्होंका' ही पूर्व क्रोएशियातल्या स्लाव्होनिया प्रांताची. एका मजकुरात यातल्या दोघी-तिघी एकत्र आल्या की मी सावकाश, बोट ठेवून वाचते.

म्हणून मी मराठीत 'स्लोव्हेंका' कधीच तसाच ठेवत नाही. 'स्लोव्हाकियाची' किंवा 'स्लोव्हेनियाची' असं देशाचं नाव घालूनच लिहिते, मग ओळ लांबली तरी चालेल. संशय आला तर आधी अक्षरं बघते. स्लोव्हेनियाच्या लिपीत टोपीवाली अक्षरं तीनच: च, श आणि झ या ध्वनींची. स्वरावर तिरकी रेघ दिसली, तर मजकूर बहुतेक स्लोव्हाक. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर विभक्तीकडे वळते. 'तिला पाहिलं' अशा वाक्यात स्लोव्हेनियाची 'स्लोव्हेंको' होते, स्लोव्हाकियाची 'स्लोव्हेंकू'. आणि दोघी असतील तर आणखी सोपं, कारण स्लोव्हेनियाच्या भाषेत संस्कृतसारखं द्विवचन अजून रोजच्या बोलण्यात आहे: एक 'स्लोव्हेंका', दोन 'स्लोव्हेंकी', तीन 'स्लोव्हेंके'. स्लोव्हाक भाषेला द्विवचन नाही, तिथे दोघी असोत की तिघी, रूप एकच. द्विवचन दिसलं की मी निर्धास्तपणे स्लोव्हेनिया लिहून मोकळी होते.